लाल मातीचे ऋण
(सीमाभागातील खेळाडूंच्या दानपरंपरेचा एक मागोवा)

दान म्हटले की आपल्या जुन्या घराण्यांच्या डोळ्यांसमोर देऊळ, घाट, विहीर, धर्मशाळा, फार तर वाचनालय किंवा शाळेची इमारत उभी राहते. बेळगाव, शहापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मराठी कुटुंबांचा इतिहास लिहिताना अशा दानांची नोंद अगत्याने होते, कारण ती दगडावर कोरलेली असतात. तालमीच्या हौद्यातील मातीवर मात्र कोणाचेच नाव कोरता येत नाही. ती रोज उकरली जाते, तिच्यावर रोज नवी पोरे लोळतात, आणि ती कोणी आणून टाकली हे दोन पिढ्यांत विसरले जाते. प्रस्तुत लेखात आम्हाला या विसरल्या गेलेल्या दानाचा मागोवा घ्यावयाचा आहे. खेळ थांबल्यावर ज्यांनी आपले कसब, कमाई आणि नाव गरिबांच्या मुलांसाठी खर्ची घातले, अशा माणसांचा हा विषय आहे.

आपल्या भागाचा भूगोल या बाबतीत अनुकूल होता. बेळगाव हे इंग्रजी अमलाखालील लष्करी ठाणे, तर त्याला खेटून असलेले शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात. निपाणीत देसाई निंबाळकरांचा वाडा. आणि वर थोड्याच अंतरावर कागल आणि कोल्हापूर. संस्थानिकांना मल्लांचा शौक होता. त्यांच्या आश्रयावर पैलवान वाढले. या सर्वांत राजर्षी शाहू छत्रपतींचे कार्य निराळे ठरते, कारण ते स्वतः आखाड्यात उतरलेले मल्ल होते. १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले ते त्यांच्या हौसेतून. परंतु ती केवळ राजाची हौस नव्हती. ज्या राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातील निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि जातिजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली, त्याच राजाने तालमींना जागा आणि खुराक दिला. शेतकऱ्याच्या पोराला शहरात पाय ठेवायला दोन दारे उघडी झाली: एक बोर्डिंगचे, दुसरे तालमीचे. १९२२ साली महाराज गेले. तालमी मात्र राहिल्या, आणि त्या चालवण्याचा भार हळूहळू राजवाड्याकडून लोकांकडे आला.

लोकांनी तो कसा पेलला हे समजण्यासाठी तालमीचा संसार पाहावा लागतो. हौद्यातील लाल मातीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद मिसळायची. मारुतीपुढे दिवा लावायचा. पहाटे जोर-बैठका आणि मग लढती. खेड्यातून आलेला मुलगा तालमीतच राहतो, तिथेच भाकरी करून खातो. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खर्च अल्पभूधारकाच्या घराला परवडणारा नसतो. घरची एक म्हैस पोराच्या नावावर टाकली जाते, मामा धान्य पाठवतो, पेठेतला एखादा व्यापारी महिन्याचे तूप बांधून देतो. वस्ताद शिकवणीचे पैसे घेत नाही. गुरुपौर्णिमेचा नारळ आणि फेटा एवढाच त्याचा मान. हिशेबाच्या वहीत ज्याला धर्मादाय म्हणतात ते इथे रोज घडत असते, पण त्याला तसे नाव कोणी देत नाही. घेणाऱ्या मुलाला मिंधे वाटू नये अशी ही रचना आहे. तो खातो त्याची भरपाई त्याने अंगमेहनतीने आणि पुढे मैदानात गावाचे नाव राखून करावी, एवढीच अपेक्षा.

मैदानाचेही असेच. जत्रेच्या कुस्त्या लोकवर्गणीतून होतात. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, मग चढत्या बक्षिसांच्या, आणि शेवटी हलगीच्या कडकडाटात पहिल्या क्रमांकाची जोड. बाहेरून पाहणाऱ्याला हा करमणुकीचा कार्यक्रम वाटतो. वस्तुतः गावाच्या वर्गणीतून होतकरू पोराच्या खुराकाकडे पैसा वळवण्याची ही जुनी वाट होय. निकाली कुस्ती केलेल्या पोराच्या हाती प्रेक्षकांतून उत्स्फूर्तपणे नोटा पडतात, आणि त्यातून पुढच्या काही महिन्यांचे दूध सुटते. या मैदानात जोडी लावणारा, पंच म्हणून उभा राहणारा, भांडण लागले तर मध्ये पडणारा माणूस बहुधा जुना पैलवानच असतो. शहापूरच्या आनंदवाडी आखाड्यापासून खेड्यातील ओढ्याकाठच्या मैदानापर्यंत हेच चित्र दिसेल. अंगातली रग उतरली तरी त्याची किंमत उतरत नाही, कारण त्याचे म्हणणे दोन्ही बाजूंचे लोक मानतात.

आता काही ठळक माणसांकडे वळू. पहिले नाव घ्यावयाचे ते बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले. त्यात भारतातून जी मोजकी मंडळी गेली, त्यांत चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी मॅरेथॉन धावून एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्या वर्षी शर्यतीचे अंतर आजच्याहून अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. ते त्यांनी सुमारे २ तास ५१ मिनिटांत कापले. पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन त्यांच्याहून अठरा मिनिटे पुढे होता. त्याच ऑलिंपिकमध्ये मल्ल रणधीर शिंदे यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले आणि ते चौथे आले. फडेप्पा हे नाव आणि चौगुले हे आडनाव एकत्र वाचताना आपल्या भागाची माती ओळखू येते. ते कोणत्या एका भाषेचे हे विचारण्यात अर्थ नाही.

चौगुले अँटवर्पला पोहोचले ते कोणाच्या बळावर? यामागे सर दोराबजी टाटा होते. दोराबजी हे उद्योगपती म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ते तरुणपणी केंब्रिजमध्ये निरनिराळे खेळ गाजवलेले खेळाडू होते हे कमी लोकांना माहीत असते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि तिथल्या शर्यतींत त्यांनी अनवाणी धावणारी खेड्यातली पोरे पाहिली. शिक्षण नाही, शिक्षक नाही, नियमांची माहिती नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत हे त्यांच्यातील जुन्या खेळाडूच्या नजरेने टिपले. आम्हाला हा क्षण महत्त्वाचा वाटतो. पैसा पुष्कळांकडे असतो. परंतु धुळीने माखलेल्या, बूट न घातलेल्या पोराच्या पायांतील गुण ओळखायला स्वतः कधी तरी धावलेले असावे लागते. दोराबजींनी स्वतःच्या खिशातून मोठा वाटा उचलला, सरकार आणि लोक यांच्याकडूनही रक्कम उभी राहिली, आणि मंडळी बोटीने रवाना झाली. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९३२ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांनी आपली जवळजवळ सर्व मालमत्ता विश्वस्त निधीला दिली होती. त्यांच्या पत्नी मेहेरबाई याही साडी नेसून टेनिस गाजवणाऱ्या खेळाडू. त्या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या रोगाच्या संशोधनासाठी निधी निघाला. १९४१ साली मुंबईत सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे याच दानाचे फळ होय. सीमाभागातील कित्येक कुटुंबे उपचारासाठी त्या दारात जाऊन आली आहेत. बेळगावच्या धावपटूला अँटवर्पला पाठवणारा हात आणि त्या रुग्णालयामागचा हात एकच होता, हे आपण लक्षात ठेवावे.

दुसरी कथा खाशाबा जाधवांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला जाऊन सहावा आला. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झाले होते आणि राजाश्रय संपला होता. खाशाबांनी दारोदार वर्गणी मागितली. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी यथाशक्ति दिले. तरीही कमी पडले तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर कऱ्हाड स्थानकापासून निघालेल्या मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या, हे पुष्कळदा सांगितले जाते. त्यापुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले.

या एका कृतीत आपल्या परंपरेचे मर्म आले आहे. इथे खेळाडू दाता म्हणून उंचावर उभा राहत नाही. आपल्यावर ऋण आहे आणि ते फेडले पाहिजे, ही त्याची भूमिका असते. देव, ऋषी आणि पितर यांच्या तीन ऋणांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तालमीतल्या माणसाने त्यांत मातीचे चौथे ऋण जोडले, असे आम्हास वाटते. मात्र या कथेला दुसरी बाजूही आहे. खाशाबा पोलीस खात्यात १९५५ साली रुजू झाले, तिथे अनेकांना घडवले, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो २००० सालचा, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. ज्याने स्वतःचे ऋण काही महिन्यांत फेडले, त्याचे ऋण समाजाने अर्धशतक थकवले.

तिसरे नाव आपल्या अगदी घरचे. श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा कोल्हापुरात आला, शाहूपुरीच्या तालमीत घडला आणि १९५९ साली हिंदकेसरी झाला. महाराष्ट्राचे पहिले हिंदकेसरी म्हणून त्यांचा उल्लेख होतो. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. १ नोव्हेंबर १९५६ पासून एकसंबे म्हैसूर राज्यात गेले होते, आणि महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले ते १ मे १९६० रोजी. म्हणजे म्हैसूर राज्यातल्या खेड्यात जन्मलेला मल्ल, महाराष्ट्र राज्य निर्माण होण्यापूर्वीच महाराष्ट्राचा पहिला हिंदकेसरी ठरला. नकाशावरच्या रेषा तालमीच्या हौद्यातून जात नाहीत याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. खंचनाळे पुढे वस्ताद झाले आणि दीर्घकाळ कोल्हापुरात नव्या पोरांना शिकवीत राहिले. १४ डिसेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पाठोपाठ १९६० साली हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर हेही त्याच वळणाचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळवलेल्या या मल्लाने उरलेले आयुष्य कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीतील मुलांना दिले. ते २०१८ साली गेले. या दोघांच्या हाताखाली सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची पोरे शेजारी शेजारी झोपली, एका ताटात जेवली. पोराच्या शिधापत्रिकेवर कोणत्या राज्याचा शिक्का आहे, हे त्यांना विचारावे लागले नाही.

बेळगावपुरते बोलावयाचे तर छावणीचा वाटा सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मराठा पायदळाचे केंद्र १९२२ सालापासून इथे आहे. या केंद्रातील मुलांच्या क्रीडा तुकडीत साधारण आठ ते चौदा वर्षांची मुले निवडली जातात. त्यांचे राहणे, जेवण, शाळा आणि खेळाचे शिक्षण लष्कराकडून होते, आणि वयात आल्यावर त्यांतील पात्र मुले सैन्यात दाखल होतात. हे दान नव्हे, ती शासकीय योजना आहे, असा आक्षेप येईल. तो योग्यच आहे. परंतु तिथे शिकवणारे हातसुद्धा गणवेशातले जुने खेळाडूच असतात, आणि कोरडवाहू शेतीच्या घरातून आलेल्या मुलाच्या दृष्टीने तालीम आणि ही तुकडी यांत फार अंतर नसते. दोन्हीकडे भाकरीची काळजी मिटते आणि शिस्त लागते. तालमीत नसलेली एक गोष्ट मात्र इथे आहे. खेळात अपयश आले तरी मुलाच्या हाती शाळेचा दाखला राहतो.

निपाणीची स्थिती याहून बिकट. हे तंबाखूचे गाव. वखारींतील धूळ आणि विड्यांची सुपे यांवर इथल्या हजारो घरांचा, विशेषतः बायकांचा, संसार चालत आला. १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन इथे झाले आणि गोळीबारात माणसे गेली, हे आपल्या पिढीच्या स्मरणात आहे. विडी वळणाऱ्या आईच्या मुलाला रोजचे दूध मिळणे हीच जिथे अडचण, तिथे खेळ हा चैनीचा भाग ठरतो. अशा गावातील मुलांना एक विलक्षण सोय लाभली आहे. १९६० साली स्थापन झालेले देवचंद महाविद्यालय निपाणीचेच मानले जाते, पण ते उभे आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. निपाणीत राहणारा मुलगा सकाळी कर्नाटकातून निघून चालत महाराष्ट्रात शिकायला जातो आणि शिवाजी विद्यापीठाच्या संघातून खेळू शकतो. पण शिक्षण संपताच प्रश्न उभा राहतो. राज्य निवड चाचणी कुठली? शिष्यवृत्ती कोणाची? खेळाडूंसाठीच्या राखीव नोकरीत अधिवास कोणता? एका राज्याचा रहिवासी आणि दुसऱ्या राज्यातला खेळाडू, अशा मुलाला दोन्ही दारांवर कागद विचारले जातात. अशा वेळी त्याला जुना खेळाडूच उपयोगी पडतो. कोणता अर्ज कुठे द्यावा, कोणत्या संघटनेची नोंदणी आधी करावी, हे सांगणारा माणूस सीमाभागात बदामाच्या थैलीइतकाच मोलाचा आहे.

जगात अलीकडे या कामाला संस्थात्मक रूप आले आहे. १९९९ साली मुंबईत मॅथ्यू स्पेसी या रग्बीपटूने फुटपाथवरील मुलांना हाताशी धरून ‘मॅजिक बस’ ही संस्था काढली. २००१ साली नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्याच वर्षी प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी ऑलिंपिक खेळाडूंच्या खर्चासाठी संस्था स्थापली, आणि २००२ साली पी. टी. उषा यांनी केरळात मुलींसाठी धावण्याची शाळा उघडली. या कामांत नियोजन आहे, जमाखर्च उघड आहे, आणि खेळात मागे पडलेल्या मुलाचीही दखल आहे. आमच्या परंपरेने या तीन गोष्टी त्यांच्याकडून शिकाव्यात असे आम्हाला प्रांजळपणे वाटते.

कारण तालमीचे गुणगान करताना तिचे उणेपण झाकणे हे इतिहासलेखन नव्हे. पहिले उणे म्हणजे मुलींना या दारातून प्रवेश नव्हता. मातीचे ऋण फेडणाऱ्यांनी ते फक्त मुलग्यांच्या हाती फेडले. आज चित्र पालटत आहे. बेळगाव तालुक्यातील तुरमुरी गावची शेतकरी कन्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई सामन्यांत कुराश या खेळात कांस्यपदक मिळवले. पण ती ज्युदोच्या गादीवर घडली, तालमीच्या हौद्यात नव्हे. दुसरे उणे शिक्षणाचे. ज्याचा गुडघा विसाव्या वर्षी गेला, त्या पोराचे पुढे काय झाले, याची नोंद कोणत्याही तालमीने ठेवलेली नाही. नामांकित मल्लांच्या वृद्धापकाळासाठी शासनाचे मानधन आहे. नाव न झालेल्यांसाठी काही नाही. तिसरे उणे नवे आहे. जत्रेची वर्गणी पूर्वीहून मोठी झाली, पण तिचा मोठा भाग बाहेरून आणलेल्या नामांकित मल्लांच्या एका जोडीवर आणि रोषणाईवर जातो. एका रात्रीच्या मैदानाला लाखांनी पैसा मिळतो, आणि त्याच गावच्या तालमीचे छप्पर पावसाळ्यात गळत असते. रेवड्यांवरच्या कुस्त्या तर संध्याकाळच्या घाईत उरकल्या जातात. ज्या वाटेने पैसा पोरांच्या दुधापर्यंत पोहोचत असे, ती वाट बुजत चालली आहे.

आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या वाड्यांच्या मागे एके काळी हौदा होता. कोणाच्या परसात अजून मुद्गल आणि करेल पडून असतील. ती जागा विकताना किंवा तिथे गाळे बांधताना तिचा वापर काय होता, हे एकदा पाहावे. जुन्या कीर्दींत तूप, बदाम, फेटा, नारळ अशा खर्चांच्या नोंदी सापडल्या तर त्या टाकून देऊ नयेत. देवळाच्या देणगीइतकाच तो आपल्या पूर्वजांचा दानपट आहे. गावच्या जत्रा समितीत ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी वर्गणीचा ठरावीक हिस्सा आधी तालमीच्या छपरासाठी, मुलामुलींच्या खुराकासाठी आणि शाळेच्या फीसाठी बाजूला काढावा, आणि उरलेल्यातून मोठी जोड लावावी. हिशेब फलकावर लिहावा. त्या हिशेबावर देखरेख ठेवायला गावात जुना पैलवान, जुना धावपटू, जुनी कबड्डीपटू असतेच. त्यांना फेट्यापुरते न बोलावता कामाला बोलवावे.

आणि एक काम बेळगावकरांनी विशेष करावे. फडेप्पा चौगुले ऑलिंपिक धावून आले त्याला शंभरांहून अधिक वर्षे लोटली. आपल्या किती मुलांना ते नाव ठाऊक आहे? त्यांच्या नावाने शाळकरी मुलामुलींची दौड दरवर्षी २२ ऑगस्टला भरवावी, आणि अनवाणी येणाऱ्या प्रत्येक मुलाला शर्यतीपूर्वी बूट मिळतील एवढी वर्गणी आपण आधी जमवावी. बक्षिसाची रक्कम लहान असली तरी चालेल.